भीतीचे घर कोणते? काळीज, मेंदू आणि इतिहासलेखन

(धागा)

१/ मराठीत राग डोक्यात जातो, माया पोटात असते, वाईट बातमीने काळजात धस्स होते आणि भीतीने पोटात गोळा येतो. भावनांचे एवढे पत्ते भाषेने देऊन ठेवले आहेत. त्यांतला खरा कोणता, यावर विज्ञान सुमारे १४० वर्षे वाद घालत आहे आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही.

२/ इतिहासाच्या वाचकाचा या वादाशी काय संबंध? बराच आहे. "जनतेत संतापाची लाट उसळली", "सैन्यात भीती पसरली" ही वाक्ये इतिहासलेखनात जागोजागी आढळतात. त्यांत एक गृहीतक दडलेले असते : तेव्हाचा संताप आणि आजचा संताप ही एकच वस्तू आहे. हे गृहीतक म्हणजे भावनेविषयीचा एक सिद्धांतच होय. तो नकळत स्वीकारणे धोक्याचे का आहे, ते या धाग्यात पाहायचे आहे.

३/ आरंभ जुन्या परभणी जिल्ह्यातून. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीत मोडत असे. मूळचे तिथले, १९३२ साली जन्मलेले नरहर कुरुंदकर पुढे नांदेडला शिक्षक झाले, प्राध्यापक झाले. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो इतिहास आणि राजकारण यांचा परखड भाष्यकार म्हणून.

४/ परंतु त्यांच्या आरंभीच्या पुस्तकांपैकी एकाचे नाव आहे 'रिचर्ड्सची कलामीमांसा'. निजामी राजवट संपून जेमतेम दीड दशक झालेल्या मराठवाड्यात बसून एक तरुण केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्सची सविस्तर चिकित्सा करतो, ही घटनाच लक्षणीय आहे. त्याहून लक्षणीय आहे तो रिचर्ड्सचा विषय.

५/ रिचर्ड्सने १९२४ साली साहित्यसमीक्षेची तत्त्वे मांडली, तेव्हा मनाचा व्यापार हा मज्जासंस्थेचाच व्यापार आहे, असे धरून तो चालला. त्याच्या मते चांगली कविता परस्परविरोधी प्रेरणांमध्ये समतोल साधते. शोकांतिकेत करुणा आपल्याला पात्राजवळ ओढते, भय दूर लोटते, आणि दोहोंचा मेळ बसतो. थोडक्यात, काव्यास्वादाचे स्पष्टीकरण त्याने मज्जातंतूंकडे सोपवले.

६/ त्या काळी मज्जातंतूंविषयी ठाऊक तरी काय होते? १८८४ साली अमेरिकेत विल्यम जेम्सने एक उलटा विचार मांडला होता. अस्वल दिसले, भीती वाटली, म्हणून पळालो, असे आपण म्हणतो. जेम्सच्या मते क्रम वेगळा आहे : अस्वल दिसताच शरीर हलते, छाती धडधडते, आणि त्या शारीरिक बदलांची जाणीव म्हणजेच भीती. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या कार्ल लँगेने याच्याशी मिळतेजुळते मत मांडले.

७/ १९२७ साली वॉल्टर कॅननने या विचारावर हल्ला चढवला. आतड्यांशी असलेला मज्जासंबंध तोडला तरी प्राण्यांचे रागाचे वर्तन टिकून राहते. राग आणि भीती यांत शरीराचे अंतर्गत बदल जवळजवळ सारखेच असतात. शिवाय हे बदल इतके संथ असतात की क्षणात उठणाऱ्या भावनेचे कारण ते होऊच शकत नाहीत. म्हणून भावनेचे मूळ आतड्यांत नव्हे, मेंदूच्या आतल्या भागात शोधावे, असे त्याचे म्हणणे.

८/ मग शोध सुरू झाला तो मेंदूतल्या पत्त्याचा. १९२८ साली फिलिप बार्डने मांजरांवरील प्रयोगांतून हायपोथॅलॅमसकडे बोट दाखवले. १९३७ साली जेम्स पॅपेझने भावनांचे एक वर्तुळाकार मंडल कल्पिले. १९५२ साली पॉल मॅक्लीनने 'लिंबिक सिस्टीम' हे नाव रूढ केले. आजच्या व्हॉट्सॲपवर फिरणारा 'भावनिक मेंदू' तो हाच.

९/ या सर्व घडामोडी मराठी समीक्षेपर्यंत पोहोचत होत्या. १९४२ साली के. ना. वाटवे यांचा 'रसविमर्श' प्रसिद्ध झाला. भरताच्या रसविचाराची आधुनिक मानसशास्त्राशी, विशेषतः विल्यम मॅक्डूगलच्या सिद्धांताशी, सांगड घालण्याचा तो विद्वत्तापूर्ण प्रयत्न होता.

१०/ मॅक्डूगलने १९०८ साली सांगितले की प्रत्येक मूलभूत भावनेच्या पाठीशी एक उपजत प्रवृत्ती असते. पलायनाशी भीती, भांडखोरपणाशी राग, दूर सारण्याशी किळस, कुतूहलाशी आश्चर्य. भरताच्या आठ स्थायी भावांतले भय, क्रोध, जुगुप्सा आणि विस्मय डोळ्यांसमोर आणले की यादी जुळल्यासारखी वाटते. हा मोह स्वाभाविक होता.

११/ अडचण पुढे आली. मानसशास्त्राने मॅक्डूगलच्या उपजत प्रवृत्तींची यादी बाजूला ठेवली. कोणत्याही वर्तनाला एक 'प्रवृत्ती' चिकटवून मोकळे होणे म्हणजे स्पष्टीकरण नव्हे, हा आक्षेप वजनदार ठरला. परिणामी जी सांगड १९४२ साली अद्ययावत भासली, तिचा एक खांब काही दशकांतच निखळला. रसविचार तिथेच राहिला, आधार मात्र गेला.

१२/ यात वाटवे यांचा दोष काढण्याचा हेतू नाही. आपल्या काळचे उत्तम विज्ञान त्यांनी गांभीर्याने वाचले. धडा वेगळा आहे : एखाद्या पिढीच्या मानसशास्त्रावर परंपरेचे प्रामाण्य उभारले, तर ते मानसशास्त्र मोडकळीस येताच प्रामाण्यही डगमगते. रिचर्ड्सविषयीही हेच म्हणता येईल. आज त्याच्या वाचनपद्धतीला मान आहे, पण त्याच्या मज्जातंतूंच्या कल्पनेसाठी त्याला कोणी वाचत नाही.

१३/ तरीही तोच मोह आज नव्या रूपात दिसतो. पॉल एकमनने पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांचा अभ्यास करून १९७१ साली चेहऱ्यावरील भावांच्या सार्वत्रिकतेचा दावा मांडला. त्याची सहा भावनांची यादी प्रसिद्ध आहे : आनंद, दुःख, भीती, राग, किळस, आश्चर्य. लगेच संदेश फिरतात : "हे तर भरतमुनींनी दोन हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते!"

१४/ नाट्यशास्त्र उघडून पाहिले तर हा दावा टिकत नाही. स्थायी भावांत रती आणि उत्साह आहेत, ते एकमनच्या यादीत नाहीत. ३३ व्यभिचारी भावांत तर निद्रा आहे, आळस आहे, व्याधी आहे, अपस्मार आहे, इतकेच काय, मरणही आहे. 'मरण' ही भावना आहे, असे आजचा कोणता मानसशास्त्रज्ञ म्हणेल?

१५/ कारण भरताचा प्रश्नच निराळा आहे. रंगमंचावर नटाने काय दाखवावे, म्हणजे प्रेक्षकाला रसाचा आस्वाद मिळेल, हे त्याला सांगायचे आहे. तिथे झोप आणि मृत्यू हेही दाखवण्याचे विषय आहेत. 'भाव' आणि 'इमोशन' ही एकाच वस्तूची दोन नावे नव्हेत. ही दोन वेगळी वर्गीकरणे आहेत, आणि दोन वेगळ्या गरजांतून जन्मलेली आहेत.

१६/ भरताच्या निरीक्षणाला मात्र दाद द्यावीच लागते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव म्हणजे शरीराच्या सहजासहजी न आवरणाऱ्या बदलांची यादी आहे. घाम, काटा, कापरा आवाज, उतरलेला रंग. जेम्स आणि कॅनन ज्यांवरून भांडले ती लक्षणे हीच. निरीक्षणाचे हे सामाईक क्षेत्र आहे, सिद्धांत मात्र सामाईक नाही.

१७/ आणि परंपरेचे मत तरी एक कुठे होते? रस 'निष्पन्न' होतो म्हणजे नेमके काय होते, यावर भट्ट लोल्लट, शंकुक, भट्ट नायक आणि अभिनवगुप्त यांची चार वेगळी उत्तरे आहेत. एकाच्या मते रस उत्पन्न होतो, दुसऱ्याच्या मते त्याचे अनुमान होते, तिसऱ्याच्या मते तो भोगला जातो, चौथ्याच्या मते तो अभिव्यक्त होतो. "पूर्वजांना ठाऊक होते" असे म्हणणारा या चारांपैकी कोणता पूर्वज निवडतो?

१८/ आता प्रयोगशाळेत परत येऊ. १९६२ साली शॅक्टर आणि सिंगर यांनी स्वयंसेवकांना जीवनसत्त्वाचे इंजेक्शन म्हणून प्रत्यक्षात ॲड्रेनॅलिन दिले. मग काहींच्या सोबतीला खिदळणारा, तर काहींच्या सोबतीला चिडलेला माणूस बसवला. कल्पना अशी की छातीतील धडधड एकच, पण प्रसंग पाहून माणूस तिला आनंद किंवा राग असे नाव देतो. निकाल काहीसे धूसर होते, नंतरच्या पडताळणीतही ते नीट टिकले नाहीत. तरी 'नाव देणे' हा मुद्दा वादात कायमचा शिरला.

१९/ १९९०च्या दशकात जोसेफ लडूच्या संशोधनामुळे ॲमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग 'भीतीचे केंद्र' म्हणून गाजला. गंमत अशी की पुढे स्वतः लडूनेच हात आखडता घेतला. हा भाग धोक्याला प्रतिसाद देणारे संरक्षक मंडल चालवतो, भीतीची जाणीव ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, असे तो म्हणू लागला.

२०/ एक विलक्षण पुरावाही पुढे आला. आजारामुळे दोन्ही बाजूंचा ॲमिग्डला निकामी झालेली एक स्त्री सापांना, भयपटांना घाबरत नसे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइड अधिक असलेली हवा हुंगवली, तेव्हा मात्र ती भयाने घाबरीघुबरी झाली. भीतीचे म्हणून जे घर सांगितले जात होते, ते रिकामे असूनही भीती आली.

२१/ आज मैदानात मुख्यतः दोन बाजू आहेत. याक पँकसेपने १९९८ साली मांडले की सस्तन प्राण्यांच्या मेंदूत खोलवर काही मूलभूत भावनिक मंडले उत्क्रांतीने घडवलेली आहेत : शोध, क्रोध, भय, कामना, जिव्हाळा, विरहाची घबराट आणि खेळ. पिल्लू आईपासून तुटले की ओरडते, ते त्याला कोणी शिकवलेले नसते.

२२/ दुसरी बाजू लिसा फेल्डमन बॅरेटची. तिच्या २०१७च्या पुस्तकाचा आशय असा : मेंदू सतत शरीराच्या स्थितीचे अंदाज बांधत असतो, आणि समाजाकडून शिकलेल्या संकल्पनांच्या आधारे त्या स्थितीला 'राग', 'शरम', 'विरह' असा अर्थ देतो. भावना उमटत नाही, ती घडवली जाते. अनेक मेंदूचित्रणांचा एकत्रित अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यातही एका भावनेला मेंदूतील एकच जागा नेमून देता आली नाही.

२३/ पहिली बाजू यावर गप्प बसलेली नाही. जागा एक नसली तरी मेंदूभर पसरलेल्या आकृतिबंधांवरून राग आणि भीती यांत भेद करता येतो, असे दाखवणारे अभ्यासही आहेत. म्हणून "विज्ञानाने सिद्ध केले" असे कोणत्याही एका बाजूने म्हणणे घाईचे ठरेल.

२४/ मग इतिहासाच्या अभ्यासकाने निर्णय लागेपर्यंत थांबावे काय? नव्हे. एक उदाहरण परभणी जिल्ह्यातलेच घेऊ. गोदावरीकाठचे गंगाखेड हे परंपरेनुसार संत जनाबाईंचे जन्मगाव. पंढरपूरला नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या स्त्रीच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, शेणी वेचतो. आणि काही ठिकाणी ती त्याच विठ्ठलावर संतापते, त्याला वाटेल ते बोलते.

२५/ हा कोणता राग? राग सर्वकाळ एकच असतो असे मानणारा वाचक त्यात आपल्या ओळखीचा राग पाहतो : एका कष्टकरी दासीचा देवाविरुद्ध उद्रेक. हे वाचन आकर्षक आहे. परंतु वारकऱ्यांच्या भावविश्वात देवाशी भांडणे हा सलगीचा प्रकार आहे. त्याला प्रेमकलह म्हणतात. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यावरच असे रुसता येते. त्या संतापात विद्रोह, जवळीक की दोन्ही, हे ठरवण्यासाठी आधी त्या समाजाकडे रागाचे कोणते प्रकार उपलब्ध होते, ते शोधावे लागते.

२६/ हे अभंग मुखपरंपरेतून आणि हस्तलिखितांतून आले आहेत, त्यांवर नंतरच्या पिढ्यांचे थर आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवे. म्हणजे आपण जो राग वाचतो तो एका स्त्रीचा की तिला शतकानुशतके गाणाऱ्या समूहाचा, हाही प्रश्न उरतोच.

२७/ येथे या धाग्याचे मत स्पष्ट सांगायला हवे. मेंदूविज्ञानाचा वाद कुठेही जावो, इतिहास वाचताना भावना 'घडलेली' आहे असे धरून आरंभ करावा. कारण दोन्ही बाजूंनी होणाऱ्या चुकांची किंमत सारखी नाही.

२८/ पूर्वजांच्या भावना आपल्यासारख्याच होत्या असे धरले आणि ते चुकीचे निघाले, तर ती चूक कधीच सापडत नाही. जिथे पुरावा नाही तिथे आपली स्वतःची भावना गुपचूप जागा भरून काढते, आणि सगळे कसे अगदी पटते. उलट त्या वेगळ्या असतील असे धरून शब्द, प्रथा, हावभाव तपासले आणि त्या सारख्याच निघाल्या, तर ते सारखेपण तपासातूनच समोर येते. पहिली चूक झाकली जाते, दुसरी उघडी पडते.

२९/ यावर आक्षेप येईल : मग सातशे वर्षांपूर्वीच्या आईचा पुत्रशोक आपल्याला कळणारच नाही काय? कळेल. छातीत उठणारी कळ आणि घशात अडकणारा आवंढा ही माणसाच्या शरीराची सामाईक ठेव आहे, आणि पँकसेपचे म्हणणे मान्य केले तर पशूंशीही सामाईक. पण त्या कळीला दैव म्हणायचे, पाप म्हणायचे, अन्याय म्हणायचे की आजार, हे समाज शिकवतो. माणसे पुढे काय करतात हे त्या नावावर बरेचसे ठरते, आणि इतिहासाला रस त्या पुढच्या कृतीत असतो.

३०/ 'भावना' हा शब्दच पाहा. वैद्य आजही चूर्णाला एखाद्या वनस्पतीच्या रसाची 'भावना देतात', म्हणजे ते त्या रसात पुन्हा पुन्हा घोटून मुरवतात. आजच्या अर्थाची 'भावना', जी "दुखावली" जाते, ती या शब्दाची अनेक रूपांतरांनंतरची अवस्था आहे. इंग्रजीतला 'इमोशन' हा शब्दही शास्त्रीय संज्ञा म्हणून एकोणिसाव्या शतकातच स्थिरावला. त्याआधी तिथेही आवेग, वासना, स्नेह असे निरनिराळे कप्पे होते.

३१/ याचा संबंध केवळ संतवाङ्मयाशी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखभर ओव्या संकलित झाल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्याही ओव्या आहेत. माहेर, भाऊ, सीतेचा वनवास यांच्या आधाराने बाया आपले दुःख सांगतात. 'मला नैराश्य आले' या घडणीचे वाक्य तिथे शोधू नये. तिथे सीता रडते, आणि ऐकणारीला कळायचे ते कळते.

३२/ आणि याचा संबंध केवळ भूतकाळाशीही नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' राबवला, त्यात परभणीही होता. आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन प्रश्न विचारत. असे काम मोलाचे आहे. पण "उदास वाटते का?" या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस "डोकं जड राहतं, घास उतरत नाही, जिवाला घोर लागलाय" असे सांगत असेल, तर दोष कोणाचा? प्रश्नावलीचे शब्द आणि माणसाचे शब्द यांतल्या अंतरावर कधी कधी एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

३३/ तिसरी जागा अधिक ज्वलनशील आहे. "जनभावना भडकल्या आणि मग दंगल झाली" हे वाक्य इतिहासात आणि बातमीत सारखेच आढळते. भावना ही आतून आपोआप फुटणारी वाफ असेल, तर दोषी कोणीच नाही. भावना घडत असेल, तर मात्र प्रश्न सुरू होतात. कोणत्या शब्दांनी घडवली? कोणी, कधीपासून, कोणासाठी? "उत्स्फूर्त" हा शब्द पुराव्याखेरीज लिहिणे म्हणजे चौकशी सुरू होण्याआधीच बंद करणे.

३४/ इतिहासाचे पान वाचून ज्यांचे रक्त खवळते त्यांनीही क्षणभर थांबावे. ते खवळणे खोटे नाही, छाती खरोखरच धडधडत असते. पण ती धडधड त्या जुन्या प्रसंगाचा पुरावा नव्हे. ती वाचणाऱ्याच्या काळाचा, त्याने ऐकलेल्या गोष्टींचा आणि शिकलेल्या शब्दांचा पुरावा आहे.

३५/ करण्यासारखे काम समोर आहे. हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी जवळजवळ सरली. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसे परभणीच्या गावागावांत आजही भेटतात. त्यांच्या आठवणी टिपताना "तेव्हा तुम्हांला भीती वाटली असेल ना?" असे विचारले की आजीबाई मान डोलावतात, आणि वहीत आपलाच शब्द उतरतो.

३६/ त्याऐवजी "तेव्हा कसं व्हायचं?" एवढेच विचारावे आणि थांबावे. पोटात कालवायचे म्हणाल्या तर 'पोटात कालवायचे' असेच लिहावे. हातपाय गळायचे म्हणाल्या तर तसेच. त्याखाली 'भीती', 'ट्रॉमा', 'ॲन्झायटी' असे मथळे आज देऊ नयेत. आजचे मथळे मॅक्डूगलच्या यादीसारखे उद्या जुने होतील. आजीबाईंचा शब्द नेमका टिपलेला असेल, तर तो उद्याच्या सिद्धांतालाही तपासता येईल.

(धागा समाप्त)